सातपुडा पाहायला निघालात? मग गाडी हळू हाका

वाचकहो, यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात ज्याचे शेत आहे त्याने बांधावर उभे राहून उत्तरेकडे मान वळवली की सातपुडा दिसतोच. पावसाळ्यात हिरवा, थंडीत निळा, वैशाखात करडा. त्याच्यावर ढग टेकले की आपण कपाशीची वेचणी आवरती घेतो. जन्मभर आपण त्याच्याकडे पाहतो, पण त्याच्या अंगाखांद्यावर जाऊन दोन रात्री राहिलेले आपल्यात किती जण निघतील? आणि घरातल्या बायकांना विचाराल तर तो आकडा आणखी खाली येईल.

माझ्या आईने चाळीस वर्षे त्या डोंगराकडे तोंड करून धान्य उफणले. वारा पडला की सूप खाली ठेवायची आणि म्हणायची, "पलीकडे काय असंन रे?" आम्ही म्हणायचो, "जाऊ एकदा." ते 'एकदा' यायला फार वर्षे लागली, आणि आले तेव्हाही आम्ही त्याची माती केली. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडून तशी चूक होणार नाही.

आम्ही तिघा भावांनी बसून बेत आखला. तीन दिवस, एक भाड्याची जीप, माणसे नऊ. उनपदेव, शिरपूर, तोरणमाळ, प्रकाशा, सारंगखेडा, आणि जमलेच तर सापुतारासुद्धा! कागदावर सगळे छान बसले. प्रत्यक्षात तोरणमाळला पोचलो ते अंधारात, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिथून हललो. बाहेरचे जेवण महाग पडेल म्हणून स्टोव्ह, पिठाचा डबा, तेलाची किटली सगळे बरोबर घेतले होते. पुरुष आणि पोरे तळ्यावर जाऊन आली. आई आणि दोघी वहिन्या व्हरांड्यात नऊ माणसांच्या भाकरी थापत बसल्या. घरी आल्यावर शेजारणीने विचारले, "काय पाह्यलं माय तोरणमाळले?" आई म्हणाली, "स्टो."

त्या एका शब्दाने आम्ही पुढचा बेत वेगळ्या तऱ्हेने केला. तो सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या नात्यातला एक मुलगा नोकरीनिमित्त युरोपात असतो. त्याने एकदा इटलीतल्या डोंगरी गावांचे फोटो दाखवले. असिसी, ओरव्हिएतो अशी त्यांची नावे. टेकडीच्या माथ्यावर दगडी घरे, खाली उतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षाचे मळे. शत्रूच्या भीतीने आणि खालच्या दलदलीतल्या हिवतापाच्या धास्तीने तिथली माणसे पूर्वी वर जाऊन राहिली. आपल्याकडे उलटे झाले. आपण तापीच्या काळ्या मातीला धरून खाली वसलो, आणि डोंगर पावरा, भिल्ल, तडवी यांच्याकडे राहिला. तो मुलगा सांगत होता की तिथे फिरायला येणारी माणसे गाडीने दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच जातात आणि एकेका गावी तीन-तीन रात्री राहतात. कित्येकदा तर शेतकऱ्याच्याच घरी उतरतात. त्यासाठी तिकडे १९८५ साली कायदाही झाला. मला ती दिवसाला पन्नास किलोमीटरची गोष्ट फार आवडली. आपण मात्र देवदर्शनाला निघालो तरी मोटारीची शर्यत असल्यासारखे पळतो.

तर आता बेताकडे वळू. पहिला प्रश्न, कधी निघायचे? शेतकऱ्याला सुट्टी नसते हे खरे, पण फट असते. कांदेबागाची लागण उरकलेली, हरभरा उगवून वर आलेला, कपाशीची मोठी वेचणी घरात आलेली, अशी मार्गशीर्षातली आठ-दहा दिवसांची फट बघा. थंडी असते, आकाश स्वच्छ असते आणि डोंगरातल्या झऱ्यांना अजून थोडे पाणी असते. पावसाळ्यात धबधबे पाहायला मिळतात हे मान्य, पण धुके, निसरडा रस्ता आणि दरड हे लहान मुले बरोबर असताना नको.

दुसरा प्रश्न गोठ्याचा. दुभती म्हैस सोडून कसे जायचे, म्हणून घरातले कोणीतरी मागे राहते, आणि ते कोणीतरी नेहमी तीच बाई असते. आम्ही शेजाऱ्याशी सरळ अदलाबदल केली. आमच्या पाच दिवसांत त्याने धारा काढायच्या, ठिबकचे वाल्व्ह फिरवायचे, रात्रीच्या लाइटीला मोटार सुरू करायची. पुढच्या महिन्यात तो पंढरपूरला गेला तेव्हा आम्ही त्याचे सगळे पाहिले. दूध ज्याने काढले त्याचे. पैशाचा व्यवहार नाही, म्हणून तंटाही नाही.

तिसरी गोष्ट, मोठ्या प्रवासाआधी एक रंगीत तालीम करा. यावलहून फैजपूर, सावदा, खिरोदा करीत पालला जा आणि संध्याकाळी परत या. गाडीत कोणाला मळमळते, म्हातारीचे गुडघे किती वेळ टिकतात, गाडी चढाला किती दम धरते, हे एका दिवसात कळते. वाटेत फैजपूरला पाच मिनिटे थांबून मुलांना सांगा की खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन इथले, डिसेंबर १९३६ चे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी आले होते, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती.

पालच्या रस्त्यावर आणखी एका ठिकाणी गाडी थांबवा. केळीचे मळे संपून चढ सुरू होण्याआधी गोटे, वाळू आणि भरड मुरुमाचा एक पट्टा लागतो. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले या पट्ट्यात पाणी जिरवतात आणि तेच पाणी खाली आपल्या विहिरींना लागते. यावल-रावेरमध्ये आपण जमिनीतून जितके पाणी उपसतो तितके आत जात नाही, ही वर्षानुवर्षांची रड आहे. बोअर खोल गेली, आणखी खोल गेली. वर झाड तुटले आणि नाला कोरडा पडला की आपल्या केळीला काय होते, ते या गोट्यांवर उभे राहिल्यावर शाळेतल्या पुस्तकापेक्षा लवकर कळते. पलीकडे सुकी नदीवरचे गारबर्डी धरण आहे, पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि जवळच १९६९ साली जाहीर झालेले यावल अभयारण्य आहे, सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे. अभयारण्यात शिरायचे तर वनखात्याची परवानगी काढा, विस्तव पेटवू नका आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडा.

आता मोठा प्रवास. आपल्या दारावरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता हा सातपुड्याच्या पायथ्याशी समांतर धावतो. तो धरला की वाट विचारावी लागत नाही. पहिल्या दिवशी सकाळचे कामधाम आटोपून निघा. किनगाव, अडावद, आणि तिथून उत्तरेला वळून उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. म्हाताऱ्या माणसांना तिथे पाय शेकू द्या, घाई करू नका. मग चोपडा, आणि मुक्काम शिरपूरला. शिरपूर मी मुद्दाम घालतो. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या देखरेखीखाली तिथले नाले रुंद आणि खोल करून त्यांवर एकामागे एक बंधारे बांधले गेले. यालाच शिरपूर पॅटर्न म्हणतात. पालच्या वाटेवर प्रश्न पाहिला, इथे त्यावरचा एक उपाय पाहायचा. पुरुष मंडळी इथे तास दोन तास रमतात, तेवढ्यात बायकांना बाजार करू द्या.

दुसऱ्या दिवशी शहादा. इथे डिझेल भरा, टायरची हवा आणि स्टेपनी तपासा, ब्रेक दाखवून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. वर मोबाइलचा भरवसा धरू नका. म्हसावद सोडले की डोंगर अंगावर येऊ लागतो आणि मग घाट. ज्याने आयुष्यभर सपाटीवर ट्रॅक्टर चालवला त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि उतरताना गाडी कधीही न्यूट्रल करायची नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. आमच्या पहिल्या प्रवासात ड्रायव्हरने डिझेल वाचवायला गाडी सोडून दिली होती. तिसऱ्या वळणावर ब्रेकचा जळका वास आला. अर्धा तास सगळे दगडावर बसून होतो, कोणी कोणाशी बोलले नाही.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११४० मीटरवर आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात. इथे तीन रात्री राहा. दोन नव्हे, तीन. राहण्याची जागा निघण्यापूर्वीच नक्की करा, आणि जेवणाचेही तिथेच सांगून ठेवा. स्टोव्ह घरी ठेवा! दोन पैसे जास्त जातील, जाऊ द्या. बामणोदची वांगी मात्र न्या. संध्याकाळी शेकोटीत भाजून भरीत करायचे काम पुरुषांकडे द्यावे. आमच्या थोरल्या भावाचे पहिल्या दिवशी कच्चे राहिले, दुसऱ्या दिवशी जमले.

पाहायला तसे थोडेच आहे, आणि तेच बरे आहे. सकाळी यशवंत तलावाकाठी जा, पाण्यावरून वाफ उठत असते. एक दिवस सीताखाईच्या कड्यावर घालवा. एक दिवस गोरखनाथाचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, एरवी शांत असते. थंडी आपल्या गावापेक्षा बरीच जास्त. जी थंडी केळीला सोसत नाही ती आजीलाही सोसत नाही, तेव्हा गोधड्या न्या.

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगतो. वरच्या पाड्यांतली माणसे आपल्याला अनोळखी नाहीत. त्यांतली कित्येक ऊसतोडीला, केळीच्या कामाला आपल्याकडे येतात. १९७२ च्या सुमारास याच शहाद्याच्या परिसरात आदिवासी शेतमजुरांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी श्रमिक संघटना उभी केली होती. ती वेळ का आली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. खाली आपण त्यांना 'ए' म्हणून हाक मारतो. वर आपण त्यांच्या दारात पाहुणे असतो. 'दादा', 'बाई' म्हणा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, मुलांना गोळ्या उधळू नका. घासाघीस न करता त्यांच्याकडून काही विकत घ्या. धडगाव भागातला आमचूर आपल्या आमटीत फार चांगला लागतो.

पाचव्या दिवशी उतरताना शहाद्याहून सारंगखेड्यावरून या. दत्तजयंतीच्या सुमारास गेलात तर तिथे घोड्यांचा बाजार भरलेला असतो, पोरे हलायला तयार होत नाहीत. गर्दी नको असेल तर जयंतीच्या आठ-दहा दिवस आधीच प्रवास आटोपा. तिथून तापी ओलांडून दोंडाईचा, अमळनेर करीत चोपड्यावरून दिवेलागणीला घरी.

दुसऱ्या खेपेला आई सीताखाईच्या कड्यापासून चार हात अलीकडे एका दगडावर बसली होती. मी विचारले, "आई, पलीकडे काय आहे ते कळलं का?" तिने हाताने दाखवले. पलीकडे आणखी डोंगर होते, त्यांच्या मागे आणखी. ती म्हणाली, "अजून थोडा येळ बसू दे." गाडी दुपारी निघायची होती, ती संध्याकाळी निघाली.