बॅटरीवरचा मोठा एलईडी दिवा : वीज नेमकी जाते कुठे?



१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत ती दुपारपर्यंत परतली, काही ठिकाणी संध्याकाळ झाली. तेव्हापासून पालक मला हमखास विचारतात, "सर, मुलांच्या अभ्यासापुरता उजेड हवाय, इन्व्हर्टर घेऊ का?" शिवडीच्या बीडीडी चाळीत एका खोलीच्या घरात तो आणि त्याची भलीमोठी बॅटरी ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर मला आठवीतल्या एका मुलाच्या जळलेल्या प्रकल्पामुळे नीट शोधावं लागलं. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने १२ व्होल्ट, ७ एएचची छोटी बॅटरी आणली आणि १० वॅटचा एलईडी तिला थेट जोडला. लख्ख उजेड पडला, आम्ही टाळ्याही वाजवल्या. काही मिनिटांत मागची पट्टी हात लावता येईना, आणि मग दिवा गेला. "सर, बॅटरी १२ ची, दुकानदार म्हणाला एलईडीपण १२ चा. मग चुकलं काय?"

चूक 'व्होल्ट जुळले की झालं' या समजात आहे. पांढऱ्या एलईडीच्या एका कणाला साधारण ३ व्होल्ट लागतात. १० वॅटच्या अशा एलईडीत तीन-तीन कण एकसर जोडणीत असतात, म्हणजे गरज ९ ते १० व्होल्टची. भरलेली बॅटरी देते १२.७ च्या आसपास. जुन्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि विद्युतधारा आपोआप आवरली जाते. एलईडीचं उलटं आहे. तो तापला की कमी व्होल्टवरही जास्त धारा ओढतो, त्याने आणखी तापतो. त्यामुळे एलईडीला व्होल्ट नाही, धारा मोजून द्यावी लागते.

सोपा उपाय रोधकाचा. नववीतला ओहमचा नियम लावा : बॅटरी १२.५ व्होल्ट, एलईडी १० व्होल्ट, धारा १ अँपिअर. उरलेले २.५ व्होल्ट अडवायला २.५ ओहमचा रोधक. दिवा सुरक्षित झाला, पण प्रत्येक १२.५ वॅटपैकी २.५ वॅट रोधक तापवण्यात गेले. एकच ३ व्होल्टचा कण असता तर तीन चतुर्थांश वीज अशीच गेली असती! शिवाय बॅटरी ११.८ वर आली की धारा ०.७२ अँपिअरवर येते आणि दिवा मंदावतो.

म्हणून ठरावीक धारा देणारा ड्रायव्हर घ्यावा. तो वीज अडवून तापवत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून कॉइलमार्फत हवी तेवढीच पुढे देतो. चांगला ड्रायव्हर नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज दिव्यापर्यंत पोचवतो.

आता इन्व्हर्टरचा हिशोब. तो १२ व्होल्टची डीसी २३० व्होल्टची एसी करतो आणि बल्बमधलं सर्किट तिची पुन्हा डीसी करतं. भायखळ्याला जायला आधी ठाण्याला जाऊन परत यावं, तसं! शिवाय तो नुसता चालू राहायलाच काही वॅट खातो. समजा १० वॅट खाल्ले आणि रूपांतरात १५ टक्के गेले, तर १० वॅटच्या बल्बसाठी बॅटरीतून २२ वॅट निघतात. आपल्या बॅटरीत १२ × ७ म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे वापरायचे ४२. इन्व्हर्टरवर दोन तासही नाहीत. ड्रायव्हरवर ११ वॅट जातात, म्हणजे पावणेचार तास. पंखा चालवायचा असेल तर इन्व्हर्टर जरूर घ्या, नुसत्या उजेडासाठी कशाला?

एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. एलईडीला निम्मी धारा दिली तर उजेड निम्म्याहून थोडा जास्त मिळतो, कारण तो गार राहतो आणि कमी धारेवर त्याची कार्यक्षमताही वाढते. त्यामुळे एक एलईडी १० वॅटवर पेटवण्यापेक्षा दोन एलईडी पाच-पाच वॅटवर चालवा. वीज तेवढीच, उजेड जास्त, आयुष्यही जास्त. मागे ॲल्युमिनियमची हीटसिंक मात्र हवीच.

ड्रायव्हरचा एक तोटा आहे. बॅटरी उतरत आली तरी दिवा मंदावत नाही, त्यामुळे ती मरायला टेकलीय हे कळतच नाही. म्हणून ११.५ व्होल्टच्या आसपास जोडणी तोडणारं कटऑफ सर्किट लावा. आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज. हे मुलांवर सोडू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी शॉर्ट झालेली वायर क्षणात लाल होते.

त्या मुलाने पुढच्या वर्षी दोन एलईडी, ड्रायव्हर, कटऑफ आणि फ्यूज लावून तोच प्रकल्प पुन्हा आणला. दिवा साडेतीन तास चालला. हिशोबातली ती पंधरा मिनिटं कुठे गेली, हे आता तो शोधतोय.