गाडीने हवा धरली तर

विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की काय होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पंप घरघरतो, पण पाणी येत नाही. मोटारगाडीच्या इंजिनातही असेच घडते. ते कसे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

इंजिनात तेल जळते. त्याने इंजिन तापते. ते फार तापू नये म्हणून त्याच्या भोवती पाणी खेळवलेले असते. या पाण्यात औषध घालतात. त्याला कूलंट म्हणतात. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरात जाते, वाऱ्याने निवते आणि परत येते.

पाणी बदलताना किंवा नळी गळाली की आत हवा शिरते. हवा पाण्याहून हलकी. ती उंच जागी जाऊन बसते. तिथे पाणी पोचत नाही. मग काटा वर चढतो. आतून गुळगुळ आवाज येतो. अशी गाडी तशीच दामटली, तर इंजिनाचे हेड वाकते. दुरुस्तीला मोठा पैसा लागतो.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. ते १०० अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो. पाण्याची एकदम वाफ होते, ते उसळते आणि माणूस भाजतो. "ओले फडके टाकून उघडू," असे कुणी म्हणेल. ऐकू नका. इंजिन पुरते गार होऊ द्या.

आता हवा काढू या. गाडी अशी उभी करा, की झाकण सगळ्यांत उंच राहील. हातब्रेक ओढा. चाकांना दगड लावा. झाकण काढा. हीटर असला तर तो गरमवर ठेवा. कूलंट सावकाश ओता. काही गाड्यांना हवा काढायचा स्क्रू असतो. तो सैल करा. बुडबुडे संपून सरळ धार लागली की आवळा.

मग झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करा. त्यावर वाकू नका. पंख्याजवळ हात किंवा उपरण्याचा पदर नेऊ नका. थोड्या वेळाने वरची नळी तापते. बुडबुडे येतात, पाणी खाली जाते. तेवढी भर घाला. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पातळी पुन्हा बघा.

बुडबुडे थांबतच नाहीत? मग हेडचे गॅस्केट फुटले असेल. गाडी मिस्त्रीकडे न्या.

आणखी एक. कूलंट गोड लागते, पण ते विष आहे. सांडले तर लगेच धुऊन टाका. पोरांच्या आणि गुराढोरांच्या तोंडी ते जाऊ देऊ नका.