हातात वजन घेऊन धावावे का? भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी

पोलीस भरतीची चाहूल लागली की वस्तीतल्या मैदानावर पहाटेच गर्दी सुरू होते. कोणी दोन्ही हातांत डंबेल्स घेऊन धावतो, कोणी पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरून घेतो, कोणी घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधतो. ज्यांना जिमची फी परवडते ते ट्रेडमिलवर धावतात. वजन घेऊन पळाले की नंतर रिकाम्या हातांनी पाय आपोआप उडतात, असे जुने उमेदवार सांगतात आणि नवी मुले ते मनापासून ऐकतात. वस्त्यांमध्ये युवकांसोबत काम करताना आम्हाला हीच मुले दोन महिन्यांनी गुडघा किंवा नडगी धरून बसलेली दिसतात. म्हणून हा विषय नीट समजून घेणे गरजेचे वाटते.

दुखापत सगळ्यांना सारखी महाग पडत नाही

शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. यात निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेपर्यंत पोचताच येत नाही.

आपल्या समाजात वर्दीला नोकरीपलीकडचा अर्थ आहे. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. तो दरवाजा पुन्हा उघडण्यासाठी आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे अर्ज, निवेदने आणि चळवळ केली आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. आजही एका मुलाच्या वर्दीवर बहिणीचे शिक्षण आणि घराचे छप्पर अवलंबून असते. खात्यापित्या घरातल्या मुलाचा गुडघा दुखला तर तो फिजिओथेरपिस्टकडे जातो, सहा आठवडे विश्रांती घेतो. मजुरी करून तयारी करणाऱ्या मुलाला तीच दुखापत एक भरती हुकवते आणि वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही.

हातातले वजन काय करते?

धावताना मिनिटाला साधारण १७० पावले पडतात. म्हणजे प्रत्येक हात मिनिटाला ८५ वेळा पुढे-मागे जातो, सहा मिनिटांत पाचशेहून जास्त वेळा. हातात एक किलोचे डंबेल असेल तर प्रत्येक वेळी ते पुढे ढकलायचे, थांबवायचे आणि मागे ओढायचे. हा झटका मनगट, कोपर आणि खांदा सोसतात. खांदे वर चढतात, मान आखडते, हातांची लय बिघडते आणि हातांची लय बिघडली की पायांचीही बिघडते.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. मूठ घट्ट आवळून धरली की रक्तदाब वाढतो. धावण्याने तो आधीच वाढलेला असतो. ज्यांना उच्च रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी हा प्रयोग अजिबात करू नये.

मग फायदा किती? वजनामुळे थोडी जास्त ऊर्जा खर्च होते, इतकेच. वजन टाकून थोडे वेगाने धावले तरी तेवढाच खर्च होतो आणि वेगाचा सराव होतो तो वेगळा. गोळाफेकीसाठीही हे उपयोगाचे नाही. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा असतो. तो पाय, कंबर आणि खांदा यांच्या एकत्रित जोराने जातो. एक किलो घेऊन मैलभर पळाल्याने तो जोर येत नाही.

पायाला वजन बांधणे तर आणखी वाईट. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायावर येतो. त्यात घोट्याला लोंबणारी पिशवी गुडघा, खुबा आणि कमरेला ओढत राहते. वजन वापरायचेच असेल तर ते चालताना हलके वापरावे आणि धावताना बाजूला ठेवावे.

ट्रेडमिल: उपयोग कुठे, धोका कुठे

ट्रेडमिलचा जन्म तुरुंगातला आहे. १८१८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे मोठे चाक तयार केले. कैदी तासन् तास त्यावर चढत राहायचे. ती सक्तमजुरीची शिक्षा होती आणि इंग्लंडच्या तुरुंगांतून ती १८९८ च्या कायद्याने गेली. आजचे यंत्र वेगळे आहे, पण एक गोष्ट तशीच आहे: पट्टा माणसासाठी थांबत नाही.

हिशोब करून पाहू. १६०० मीटरला पूर्ण गुण हवेत तर ५ मिनिटे १० सेकंदांत धावावे लागते. हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटर होतो. या वेगाने पट्टा सेकंदाला पाच मीटरहून जास्त सरकतो आणि पट्ट्याची लांबी जेमतेम दीड मीटर असते. पाय चुकला तर सावरायला सेकंदाचा तिसरा हिस्साही मिळत नाही. म्हणून शर्यतीचा वेग मैदानातच आजमावावा. हातात डंबेल्स घेऊन ट्रेडमिलवर धावणे म्हणजे दोन्ही धोके एकत्र करणे, कारण तोल गेला तर दांडी पकडायला हात मोकळाच नसतो.

तरीही ट्रेडमिल निरुपयोगी नाही. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो. पहाटेच्या अंधारात एकटीने रस्त्यावर धावणे अनेक मुलींना सुरक्षित वाटत नाही. अशा वेळी ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने दम वाढवण्यासाठी ती चांगली. समोरचा वारा नसल्याने ट्रेडमिलवर धावणे थोडे सोपे जाते, म्हणून चढ १ टक्का ठेवावा. मात्र वळणावर धावणे, सुटताना झेप घेणे आणि गर्दीत वाट काढणे हे मैदानच शिकवते.

काही नियम पाळावेत:

- पट्ट्यावर उभे राहून यंत्र सुरू करू नये. पाय दोन्ही कडांवर ठेवावेत, वेग कमी असताना पट्ट्यावर यावे.
- आपत्कालीन बंदची क्लिप कपड्यांना लावावी. पडलो तर तीच यंत्र थांबवते.
- ओढणी, लोंबणारी नाडी, मोबाइलची वायर नको. चप्पल किंवा अनवाणी पाय नकोत.
- चालत्या पट्ट्यावर मागे वळून पाहू नये, चालत्या पट्ट्यावरून उतरू नये. मागे किमान दोन मीटर जागा मोकळी हवी, भिंत नको.
- दांडी धरून धावू नये. शरीराचा भार हातांवर जातो आणि स्क्रीनवरचा आकडा फसवा होतो.
- लहान मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये. २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटॉन कंपनीने आपल्या एका मॉडेलच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवल्या, कारण एका लहान मुलाचा त्यात मृत्यू झाला होता.

विदर्भातल्या तरुणांनी हे विशेष वाचावे

पूर्व विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. एएस म्हणजे वाहक असलेली व्यक्ती सर्वसाधारण आयुष्य जगते, तिला खेळायला बंदी नाही. पण उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जीव तोडून धावले तर वाहकांनाही गंभीर धोका होऊ शकतो. पाय किंवा कंबर एकाएकी गळून गेल्यासारखी वाटली, असह्य वेदना झाल्या, श्वास लागला तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. तो आळस आहे असे कोणत्याही प्रशिक्षकाने म्हणू नये. एसएस रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी तयारी सुरूच करू नये. रक्ततपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेत होते. भरतीचा सराव सुरू करण्याआधी ती करून घ्यावी.

मग तयारी कशी करावी?

धावणे आणि ताकद यांचे दिवस वेगळे ठेवावेत. आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर, पोटऱ्यांचे व्यायाम आणि गोळ्याचा सराव. वजन उचलायचे ते उभे राहून, स्थिर जमिनीवर. तीन-चार दिवस धावणे, त्यातला एकच दिवस वेगाचा, बाकी बोलता येईल इतक्या संथ गतीने. अंतर हळूहळू वाढवावे. एक दिवस पूर्ण विश्रांती. नडगीत एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. रस्त्यावर धावावे लागलेच तर गटाने, फिकट रंगाचे कपडे घालून, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे.

विनयपिटकात सोण कोळीविसाची कथा आहे. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातला हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात इतके चंक्रमण करू लागला की तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवान बुद्धांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते का. सोणाला उत्तर माहीत होते. त्याने प्रयत्न सोडला नाही, प्रयत्नाचे प्रमाण बदलले आणि पुढे तो अर्हत झाला. याच प्रसंगात बुद्धांनी भिक्खूंना पादत्राणे वापरण्याची मुभा दिली. उपदेशाबरोबर त्यांनी जखमी पायांचीही काळजी घेतली, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्या विहारांना, युवक मंडळांना एक विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून वस्तीतल्या भरतीच्या मुलामुलींसाठी बूट घ्या, एक दिवस डॉक्टर बोलवा आणि मैदानावर पहाटे दिवा लावा. हातात वजन देण्यापेक्षा पायाखालची जमीन नीट करून देणे जास्त उपयोगाचे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!