उपाहारगृहातील रामराम

कोहमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला येथे गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो. अशा नाक्यावर वाटसरू चहाफराळासाठी थांबतात आणि ओळखीचा माणूस अवचित भेटतो. त्याला अभिवादन कसे करावे, याविषयीची जुनी मराठी रीत जाणून घेण्यासारखी आहे.

वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे हा शिष्टाचार खरा. परंतु जेवत असलेल्या माणसाला वाकून नमस्कार करू नये, असा पूर्वापार संकेत आहे. जेवणाऱ्याचा उजवा हात खरकटा असतो. त्याला हात जोडता येत नाहीत, की आशीर्वादासाठी मस्तकावर हात ठेवता येत नाही. तोंडात घास असल्यास बोलणेही कठीण. म्हणून येणाऱ्याने नजरानजर होताच दुरूनच 'रामराम' म्हणावे व मान लववावी. त्यावर जेवणारा म्हणतो, 'या जेवायला.' हे निमंत्रण मनापासूनचे की केवळ उपचाराचे, हे ओळखण्यातच खरी कसोटी! बहुधा 'होऊ द्या सावकाश' हेच उत्तर शोभते. त्याने निमंत्रणाचा मान राहतो आणि पानातले अन्नही निवत नाही. चहाची गोष्ट निराळी. तेथे नकार दिला तर माणूस रुसतो. एकाने कपातून व दुसऱ्याने बशीतून घेतला, तरी भागते.

मात्र हे अगत्य सर्वांच्या वाट्याला आले नव्हते. कित्येक चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांची कपबशी वेगळी असे, आणि ती त्यांनाच धुवावी लागे. ज्याला बाकावर जागाच नाही, त्याला 'या, बसा' असे कोण म्हणणार? २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्याने उपाहारगृहांतील प्रवेशास जातीचा अडसर घालण्यास मनाई केली. असा मज्जाव करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा १९५५ साली झाला. कागदावरचा नियम बाकापर्यंत पोहोचण्यास अर्थातच अधिक काळ लागला.

या भागात 'रामराम'बरोबर 'जय भीम' आणि गोंड समाजाचा 'जय सेवा' हेही शब्द कानी पडतात. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. समोरचा ज्या शब्दाने अभिवादन करील, त्याच शब्दाने उत्तर देणारी माणसेही येथे भेटतात. मग चहाचे पैसे कोणी द्यावयाचे, यावरून गल्ल्यापाशी दोघांची प्रेमळ झटापट चालते.