एका यंत्रात दोन भाषा

मराठवाड्याला दोन भाषांचा संसार नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, निजामी अमलात, नांदेड-लातूरकडचा माणूस घरात मराठी बोले आणि कचेरीतला कागद उर्दूत येई. मध्ये कुणी जाणता भेटला तर काम होई. नाहीतर शहाणा शेतकरीही मुका ठरे.

आज शिकवणीसाठी या दोन शहरांत राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये असाच संसार असतो. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स. विंडोजमध्ये वायफाय चालते, लिनक्समध्ये जाळ्याचे नावही दिसत नाही. त्यात प्रवेशअर्जाची तारीख तोंडावर. दुकानदार सांगतो, कार्ड गेले, नवे घाला.

घाई करू नका. अर्ज आधी विंडोजमधून भरून टाका. बँकेत रोकड जुळली नाही, तर रोखपालावर संशय घेण्याआधी आम्ही एकेक व्हाउचर तपासत असू. इथेही तेच करायचे. एकीकडे चालते, म्हणजे कार्ड जिवंत आहे. बिनसले आहे ते बहुधा मधल्या दुभाष्याचे. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

पहिली तपासणी विंडोजची. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' आले. यंत्र बंद दिसते, पण विंडोज अर्धवट निजलेले असते आणि कधीकधी कार्डही तसेच अडकते. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन ही सोय काढा.

मग लिनक्समध्ये 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्या. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' आले तर लॅपटॉपवरचे वायफायचे बटण पाहा. 'सॉफ्ट' असेल तर आज्ञेनेच सुटते.

तिसरी आज्ञा 'एलएसपीसीआय'. ती कार्डाचे कूळ सांगते. इंटेलचा ड्रायव्हर बहुधा लिनक्समध्येच असतो. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना वेगळा लागतो. उबुंटूत तो 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मध्ये मिळतो. तरीही चालेना, तर 'सिक्युअर बूट' पाहा. सही नसलेला चेक बँकेत अडतो, तसा सही नसलेला ड्रायव्हर तिथे अडतो.

वायफायच नसताना ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइल वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा, तात्पुरते इंटरनेट मिळते.

हा घोळ होतो, कारण अनेक कंपन्यांनी ड्रायव्हर विंडोजपुरते लिहिले आणि कार्डाची अंतर्रचना गुप्त ठेवली. लिनक्सच्या स्वयंसेवकांना ती अंदाजाने उलगडावी लागली. ब्रॉडकॉमने काही कार्डांच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर खुला केला, तोही २०१० मध्ये.

गावाकडून महिन्याचे पैसे मोजून येतात. त्यांतले नव्या कार्डावर घालण्याआधी एक संध्याकाळ या तपासणीला द्यावी. मुलाला ती जमली, तर शेजारच्या खोलीतला मुलगा उद्या त्याच्याकडेच येईल.