चावी खुंटीला, मगच बटण

मैत्रिणींनो, आमच्या गटात लेथवर लाकडी खेळणी कातली जातात. एकदा चावी चकमध्येच राहिली. बटण दाबताच ती उडून पत्र्यावर आदळली. ताईंचं डोकं वीतभरच लांब होतं. तेव्हापासून चावी खुंटीला लावल्याशिवाय आम्ही बटणाला हात लावत नाही.

जबडे बदलताना मेन स्विच बंद करा. जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. त्याच क्रमाने, त्याच आकड्याच्या खाचेत बसवा. नाहीतर लाकूड मधोमध धरलं जात नाही. आवळल्यावर चक आधी हाताने फिरवून बघा. संध्याकाळी खाचांतला भुसा ब्रशने झाडा.

पदर खोचा, केस बांधा, हातमोजे नकोत. बांगड्या उतरवायला बायका कचरतात. पण बांगड्या पुन्हा भरता येतात, बोटं नाही.