ब्रोमेलियाड्सचा घरगुती संग्रह : संगोपन व नोंदवही

प्रस्तावना :
अननस भारतात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. ब्रोमेलिएसी कुळाशी आपला परिचय बहुधा या एका फळापुरताच असतो. वास्तविक या कुळात ३,५०० हून अधिक जाती असून पश्चिम आफ्रिकेतील एक जाती वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. निओरेगेलिया, गुझमानिया, टिलँड्सिया इत्यादी प्रजाती आता शहरी सज्जांतही दिसतात. प्रस्तुत लेखात संगोपनापेक्षा नोंदीचा विचार अधिक केला आहे. कारण संगोपन तुलनेने सोपे आहे.

संगोपन :
वृक्षांवर वाढणाऱ्या जातींत मुळे प्रामुख्याने आधार देतात. पाणी व अन्नद्रव्ये पाने शोषतात. त्यामुळे चिकण मातीत रोप कुजते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व विटांचे खडे यांचे मिश्रण पुरते. पानांच्या पेल्यातील पाणी मात्र दर आठवड्यास ओतून बदलावे, अन्यथा तेथे डासांच्या अळ्या होतात.

नोंदवही :
बहुसंख्य ब्रोमेलियाड्समध्ये रोप एकदाच फुलते आणि बुंध्याशी फुटवे देऊन हळूहळू मरते. दहा वर्षांपूर्वीचे म्हणून आपण दाखवितो ते रोप प्रत्यक्षात केव्हाच गेलेले असते. उरते ती त्याची वंशरेषा, आणि तिचे नाव केवळ चिठ्ठीवर असते. २०१९ च्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखिकेच्या संग्रहातील अकरा निओरेगेलियांच्या चिठ्ठ्यांवरील शाई धुऊन गेली. रंगावरून त्या ओळखता येतील हा समज फोल ठरला, कारण उन्हात लाल झालेले रोप सावलीत हिरवे पडते. छायाचित्रांशी साम्य पाहून नावे देता आली असती. परंतु अंदाजाने दिलेले नाव फुटव्यासोबत दुसऱ्याच्या घरी जाते आणि तेथे ते प्रमाण मानले जाते. ती अकरा रोपे म्हणूनच 'अनामिक' या सदराखाली नोंदविली.

त्यानंतर प्रत्येक रोपास वर्ष व अनुक्रम मिळून क्रमांक दिला, उदा. २०२०-१४. फुटव्यास तोच क्रमांक व पुढे एक अक्षर. बियांपासून झालेल्या रोपास मात्र नवा क्रमांक द्यावा. संकरित वाणाच्या बियांतून मूळ रोपासारखेच रोप येईल याची शाश्वती नसते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. वहीत रोप कोठून व केव्हा मिळाले, कोणत्या नावाने मिळाले आणि केव्हा फुलले, एवढे पुरे.

मिळाले तेव्हाचे नाव कधीही खोडू नये. २०१६ च्या वर्गीकरणात व्रिसिया स्प्लेंडेन्स ही लुथेरिया स्प्लेंडेन्स झाली आणि टिलँड्सिया सायनिया ही वॉलिसिया सायनिया. दोन्ही नावे शेजारी नसतील तर एकच झाड वहीत दोनदा येते (आमच्याकडे आलेच होते!). वाणांची नावे पडताळण्यासाठी १९५० मध्ये स्थापन झालेल्या ब्रोमेलियाड सोसायटी इंटरनॅशनलची नोंदसूची उपयुक्त आहे.

अनामिक अकरांपैकी दोहोंना पुढे भरपूर फुटवे आले. ते सहकाऱ्यांना क्रमांकासह, परंतु नावाविना दिले.